टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: आधी तास मोजा, मग इंजिन ठरवा

तुमची होडी १९ फुटी, फायबरची. दोघं-तिघं जाता, बहुतेक वेळा जाळं, अधूनमधून गळ. मागचं ४० एचपीचं टू-स्ट्रोक आता दमलंय आणि नवं घ्यायचंय. सोबतचे मच्छीमार म्हणतात, पुन्हा टू-स्ट्रोकच घे, हलकं असतं, कुठेही खोलता येतं. विक्रेता म्हणतो, फोर-स्ट्रोक घे, इंधन वाचेल. तुम्ही विचारलंय, यातलं खरं कोण बोलतंय.

खरं दोघंही बोलतायत, पण प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळी होडी आहे. मी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर लटकणारी इंजिनं, दुरुस्त करतो आणि स्वतःच्या होडीवर चालवतोही. हा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी आधी इंजिनाबद्दल काहीच बोलत नाही. विचारतो: वर्षाला इंजिन किती तास चालतं? त्यातले किती तास मंद वेगात जातात? आणि होडी धक्क्याला बांधलेली असते, की फुटणाऱ्या लाटांतून ढकलत पाण्यात न्यावी लागते? या तिन्हींची उत्तरं मिळाली की निवड बरीचशी झालेली असते. दुरुस्तीला जवळ कोण आहे हा चौथा प्रश्न, आणि कधीकधी तो एकटाच सगळा हिशेब फिरवतो.

मंद वेगाचं एवढं काय, हे कळायला इंजिनात काय घडतं ते बघावं लागेल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्टच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून तेवढ्याच ताकदीचं टू-स्ट्रोक लहान आणि हलकं बनवता येतं. त्यात कॅमशाफ्ट नाही, डोक्यावरचे व्हॉल्व्ह नाहीत, खाली ऑइलची टाकी नाही. सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट, म्हणजे भोकं, ठेवलेले असतात आणि पिस्टन वर-खाली होताना ते उघडतो, झाकतो. गोम इथेच आहे. जळलेला धूर बाहेर सोडणारा पोर्ट आणि ताजं मिश्रण आत घेणारा पोर्ट थोडा वेळ एकदमच उघडे राहतात. त्या वेळात ताजं पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं ऑइल धुराबरोबर थेट बाहेर निसटतं. साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, असा न जळताच पाण्यात जातो. वेग जितका मंद, तितकं हे निसटणं प्रमाणात वाढतं. बंदरात मंद चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकच्या मागे पाण्यावर जो रंगीत तवंग दिसतो, ते तुम्ही विकत घेतलेलं इंधनच असतं.

म्हणून "फोर-स्ट्रोक किती वाचवतं" याला एक आकडा नाही. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे वेग पूर्ण दिल्यावर, ४० एचपीचं फोर-स्ट्रोक तासाला साधारण १४-१५ लिटर घेतं आणि साधं टू-स्ट्रोक १८ ते २१ लिटर. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. जाळ्याच्या कडेकडेने सरकताना, गळ ओढत फिरताना किंवा जाळं उचलताना इंजिन गिअरमध्ये ठेवून होडी धरून राहताना मात्र फोर-स्ट्रोक निम्म्यात भागवतं, कधी निम्म्याहूनही कमीत. तुमचे निम्मे तास अशा कामात जात असतील तर विक्रेत्याचं म्हणणं तुम्हाला लागू आहे. तुम्ही मासेमारीच्या जागी सुसाट जाता, नांगर टाकून इंजिन बंद करता आणि सुसाट परत येता, असं असेल तर बचत बरीच कमी.

हे अंदाजाने ठरवू नका. प्लगच्या वायरीभोवती वायर गुंडाळून बसवायचं छोटं तास-मीटर मिळतं. ते जुन्या इंजिनाला आजच लावा आणि महिनाभर प्रत्येक फेरीनंतर दोनच गोष्टी वहीत लिहा: तास आणि भरलेलं पेट्रोल. महिन्याअखेर तासाला सरासरी किती लिटर जातं ते हातात येतं. ती सरासरी पूर्ण थ्रॉटलच्या आकड्यापेक्षा खूप खाली असेल, तर तुमचं इंजिन बराच वेळ मंद चालतं हे वेगळं सांगायला नको.

एक हिशेब करून दाखवतो, आकडे तुमचे घाला. समजा वर्षाला ६०० तास, टू-स्ट्रोकची सरासरी तासाला १० लिटर आणि फोर-स्ट्रोकची ७. वर्षाला १,८०० लिटर पेट्रोलचा फरक झाला. शिवाय ५० लिटरला १ लिटर या प्रमाणात टू-स्ट्रोकच्या ६,००० लिटरमध्ये १२० लिटर ऑइल जळून गेलं. फोर-स्ट्रोकला दर १०० तासांनी ऑइल बदलायचं, म्हणजे सहा वेळा. या आकाराच्या इंजिनात दर वेळी २ लिटरच्या आसपास, एकूण १२ लिटर आणि वर फिल्टर. या मच्छीमाराने टू-स्ट्रोक घेणं म्हणजे दर वर्षी दंड भरणं. पण तेच इंजिन वर्षाला १०० तास चालत असेल, तर ३०० लिटर पेट्रोल आणि २० लिटर ऑइल एवढाच फरक पडतो. फोर-स्ट्रोकची जास्तीची किंमत आणि मेकॅनिकच्या फेऱ्या त्यातून निघायला बरीच वर्षं लागतील.

दीर्घकाळ मंद चालवणं दोन्ही इंजिनांना जाचतं, फक्त दुखणं वेगळं. टू-स्ट्रोकचे प्लग काळे-ओले होतात, एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साचतो आणि पिस्टन रिंगा खाचेत चिकटतात. फोर-स्ट्रोकमध्ये, विशेषतः थंड पाण्यात किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असेल तेव्हा, न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघाल तर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेली दिसते. थेंब बोटांच्या चिमटीत चोळला की नेहमीचा जाडसर बुळबुळीतपणा नसतो, नाकाशी नेला की पेट्रोलचा वास येतो. पातळी भरपूर आहे म्हणून कित्येक जण खूश होतात, आणि पातळ झालेलं ऑइल तोवर बेअरिंग खात असतं. उपाय दोन्हींना जवळपास एकच: परतीच्या वाटेवर दहा-पंधरा मिनिटं पाऊण थ्रॉटलला सलग चालवा. आणि फोर-स्ट्रोकची डिपस्टिक रोज बघा, अगदी रोज.

आता वजन. तुमचे सोबती याबद्दल बोलतात ते अगदी बरोबर आहे. ४० एचपीच्या वर्गात साधं टू-स्ट्रोक ७० ते ८० किलोत बसतं, फोर-स्ट्रोक ९५ ते १०० किलोच्या घरात जातं. १५ एचपीमध्ये हेच ३५-४० आणि ४५-५५ किलो. जुन्या बनावटीच्या होड्या हलक्या इंजिनाचा विचार करून बांधलेल्या असतात, आणि हे जास्तीचं वजन सगळ्यात वाईट जागी, ट्रान्समच्याही (ज्यावर इंजिन बसवतात त्या होडीच्या मागच्या उभ्या फळीच्याही) मागे लटकतं. मागून लाट आली की तिथेच पाणी आत येतं.

तुमच्या होडीला हे पेलेल का, हे बघायला एक सोपी चाचणी आहे. शांत पाण्यात जुनं इंजिन जागेवर असताना होडीत नेहमीएवढं इंधन, बर्फ, जाळी आणि माणसं घ्या. ट्रान्समला चिकटून, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मिळून ३० किलो वाळूची पोती ठेवा. मग दोघांनी मागच्या बाजूला जाऊन उभं राहा, जसे जाळं ओढताना राहता. पाण्याची रेघ ट्रान्समच्या काठापासून किती खाली राहिली ते बघा. पाणी आपोआप बाहेर काढणारी भोकं असतील तर त्यांतून उलट पाणी आत येतंय का तेही बघा. आलं, तर फोर-स्ट्रोकचा विचार सोडा किंवा एचपी कमी करा. होडी जरा बसली पण तोल चांगला राहिला, तर बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवून बराच फरक भरून काढता येतो. शिवाय ६-७ तासांच्या फेरीत टू-स्ट्रोकला २० लिटर पेट्रोल जास्त न्यावं लागत असेल, तर तेही १५ किलो होतंच. फक्त ते तुम्हाला हवं तिथे ठेवता येतं, इंजिन हलवता येत नाही.

होडी किनाऱ्यावरून लाटांतून ढकलत न्यावी लागत असेल, तर माझं मत टू-स्ट्रोककडे झुकतं, आणि त्याला वजनाइतकंच दुसरं कारण आहे. अशा ठिकाणी होडी कधी ना कधी उलटते आणि इंजिन खाऱ्या पाण्यात बुडतं. बुडालेलं साधं टू-स्ट्रोक वाळूवरच जिवंत करता येतं. गोड्या पाण्याने बाहेरून-आतून धुवायचं, प्लग काढायचे, प्लगची भोकं खाली करून फ्लायव्हील हाताने फिरवत पाणी काढायचं, कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची, सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं, ताजं मिश्रण द्यायचं आणि सुरू करून अर्धा तास चालवायचं. हे सगळं दोन-तीन तासांच्या आत झालं पाहिजे. लगेच हात घालता येत नसेल तर इंजिन उन्हात सुकत ठेवू नका, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा; गंज हवा लागल्यावरच झपाट्याने चढतो. टू-स्ट्रोकच्या क्रँकची रोलर बेअरिंग तर एका रात्रीत खराब होऊ शकतात. इंजिन चालू असताना बुडालं असेल आणि फ्लायव्हील अडत असेल, तर मात्र जोर लावू नका. आत शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो.

फोर-स्ट्रोक बुडालं तर हे सगळं करावं लागतंच, वर ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधासारखं पांढरं होतं. ते काढायचं, नवं भरायचं, थोडं चालवायचं, पुन्हा काढायचं, असं ऑइल स्वच्छ येईपर्यंत. फ्युएल इंजेक्शनचं असेल तर कंट्रोल युनिट आणि सेन्सरांच्या जोडण्यांत खारं पाणी शिरलं की पुढचे कित्येक महिने विचित्र बिघाड येत राहतात. दुसरी अडचण आडवं ठेवण्याची. इंजिन काढून रोज घरी नेत असाल तर फोर-स्ट्रोक कंपनीने दाखवलेल्या कुशीवरच ठेवावं लागतं, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. टू-स्ट्रोकला हे बंधन नाही. फक्त त्याचं डोकं पायापेक्षा खाली जाऊ देऊ नका, म्हणजे पायात साचलेलं पाणी वर इंजिनात जाणार नाही.

दुरुस्तीबद्दल लोक म्हणतात तेवढं फोर-स्ट्रोक अवघड नाही आणि टू-स्ट्रोक तेवढं निर्धोक नाही. गिअर ऑइल, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, झिंकचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे), ग्रीस, रोज गोड्या पाण्याने फ्लशिंग ही कामं दोन्हींना सारखीच. माझ्याकडे येणारी बरीचशी इंजिनं यातलंच काहीतरी टाळल्यामुळे येतात. फोर-स्ट्रोकला त्यावर ऑइल-फिल्टर, ठराविक तासांनी व्हॉल्व्हचं अंतर तपासणं आणि काही मॉडेलमध्ये टायमिंग बेल्ट. टू-स्ट्रोकला यातलं काही नाही, पण त्याचं वंगण पेट्रोलातून येतं. मिश्रण करताना घाई झाली किंवा ऑइल टाकायचं राहिलं, तर इंजिन काही मिनिटांत जाम होतं. पेट्रोलात इथेनॉल असेल आणि टाकीत पाणी शिरलं, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं, ऑइल वर पेट्रोलातच राहतं. नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनाला ऑइल नसलेलं इंधन जातं. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर दोन्हींना बसवाच.

फोर-स्ट्रोकमध्येही कार्बोरेटरचं आणि इंजेक्शनचं असा फरक आहे. इंजेक्शनचं इंजिन थंडीतही पटकन सुरू होतं आणि कमी पितं, पण त्याला स्वच्छ पेट्रोल लागतं. पिंपातून काढलेलं कचऱ्याचं पेट्रोल कार्बोरेटर कसंबसं पचवतो, इंजेक्टर पचवत नाही. मोठ्या इंजेक्शन इंजिनांना जिवंत बॅटरीही लागते. ती मेली तर दोरी ओढून भागेलच असं नाही. लहान मॉडेलांपैकी काही बॅटरीशिवाय चालतात. हे घेण्याआधी बॅटरी सोडवून, दोरी ओढून प्रत्यक्ष सुरू करून बघा. आणि बिघाड वाचायचं यंत्र असलेला मेकॅनिक तुमच्यापासून किती दूर आहे ते विचारा. इंजिन सुधारायला दोन दिवसांचा प्रवास करावा लागत असेल आणि त्या दोन दिवसांत होडी उभी राहून घर अडत असेल, तर पेट्रोलच्या बचतीचा हिशेब तिथेच कोलमडतो.

तिसराही एक पर्याय जुन्या बाजारात दिसेल: थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी टू-स्ट्रोक. इव्हिनरूडचं ई-टेक, मर्क्युरीचं ऑप्टिमॅक्स वगैरे. यांत पोर्ट झाकल्यानंतर फवारा येतो, म्हणून निसटण्याचा दोष जवळपास जातो आणि ओढही उत्तम असते. पण इव्हिनरूडची आउटबोर्ड इंजिनं बनणं २०२० मध्ये बंद झालं. सुटे भाग आणि ते खोलू शकणारा माणूस यांची खात्री असल्याशिवाय रोजीरोटीच्या होडीला मी हे लावणार नाही.

कायद्याचंही बघून घ्या. साध्या टू-स्ट्रोकवर निर्बंध वाढत गेले आहेत. अमेरिकेने १९९६ मध्ये आउटबोर्डच्या धुराचे नियम केले, त्यानंतर तिथे नवी कार्बोरेटरची टू-स्ट्रोक हळूहळू विक्रीतून गेली. तिथल्याच ताहो सरोवरावर १९९९ पासून ती चालवायलाच बंदी आहे. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवर असे नियम अनेक ठिकाणी असतात. तुमच्या पाण्यात काय चालतं ते पैसे मोजण्याआधी विचारा.

"फोर-स्ट्रोकला ओढ नाही" ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. एकदम थ्रॉटल दिल्यावर टू-स्ट्रोक लवकर उसळी घेतं, हे खरं. पण बऱ्याचदा दोष पंख्याचा (प्रोपेलरचा) असतो. जुन्या इंजिनाच्या अंदाजाने निवडलेला जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त पुढे ढकलणारा) पंखा नव्या इंजिनाला लावतात. नेहमीएवढा माल भरून पूर्ण थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, मोजा. बहुतेक फोर-स्ट्रोकना ५,००० ते ६,००० ची पट्टी दिलेली असते, टू-स्ट्रोकना थोडी खालची. भरलेली होडी ४,६०० वरच अडत असेल तर इंजिन कण्हतंय. पिच १ इंचाने कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. त्या हिशेबाने पंखा बदला. जड, संथ होडीसाठी मोठ्या गिअर रेशोची 'हाय थ्रस्ट' मॉडेलं मिळतात. ती मोठा पंखा सावकाश फिरवतात आणि जाळं भरून येताना त्यांचा फरक लगेच कळतो.

आणि एक गोष्ट, जी हिशेबात कुणी धरत नाही. टिलर (इंजिन वळवायचा दांडा) धरून बसणाऱ्या माणसाचं डोकं इंजिनापासून हातभर अंतरावर असतं. वारा मागून असेल तर टू-स्ट्रोकचा सगळा धूर त्याच्या तोंडावर येतो, आणि तो आवाज रोज सहा-सात तास कानात जातो. फोर-स्ट्रोकवर मंद वेगात शेजारच्याशी बोलता येतं, रेडिओ ऐकू येतो, दुसऱ्या होडीची हाक ऐकू येते. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांचे कान कसे होतात ते मी जवळून बघतोय. दोन्ही बाजू सारख्या तोलल्या जात असतील तर या एका कारणासाठी मी फोर-स्ट्रोक सुचवतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर: जाळ्यावर काम म्हणजे मंद तास भरपूर असणार. होडी धक्क्याला किंवा शांत खाडीत उभी राहत असेल, वाळूच्या पोत्यांची चाचणी पास होत असेल आणि एका दिवसात पोहोचेल असा मेकॅनिक असेल, तर फोर-स्ट्रोक घ्या, वर्षाला साधारण ३०० तासांच्या पुढे तर बेधडक. लाटांतून ढकलत असाल, इंजिन रोज खांद्यावर नेत असाल किंवा चाचणीत ट्रान्समवरून पाणी आत येत असेल, तर तुमचे सोबती बरोबर आहेत, साधं टू-स्ट्रोक घ्या.

जुनं इंजिन भंगारात देण्याआधी मात्र त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं. सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर आतलं यंत्र बहुधा शाबूत आहे आणि "दमलंय" हे कार्बोरेटर, रीड (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या पात्या) किंवा घासलेल्या पंख्यामुळे असू शकतं. मग नव्याची घाई नको. महिनाभराचे तास-लिटर, कॉम्प्रेशनचे आकडे आणि पूर्ण भाराला मिळणारं आरपीएम इथे लिहा. पंख्याचं पिच कितीचं आहे तेही त्याच्या हबवर कोरलेलं असतं, ते बघून कळवा. एवढं मिळालं की ४० एचपीच हवं की ३० मध्ये भागेल, हे नीट सांगता येईल.